दागिना सदोष निघाला तर: तक्रारीआधीची तयारी

दागिन्यात खोट दिसली की बहुतेक जण तो ओळखीच्या सोनाराकडे नेऊन कस लावून घेतात, आणि जमलेच तर तिथेच टाकाही मारून घेतात. हा मोह आवरा. दुसऱ्याने टाका मारला किंवा पॉलिश केले की विकणारा सराफ म्हणणार, "आमच्या दागिन्यात बाहेर काहीतरी केलंय." शिवाय पॉलिशमध्ये घासला जाऊन हॉलमार्कचा बारीक कोरीव मजकूरही पुसट होतो. वितळवून बघणे तर अजिबात नको, कारण पुरावाच भट्टीत जातो. दागिना आहे तसा पिशवीत ठेवा. त्याआधी उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि एक फोटो वजनकाट्यावरचा, आकडा दिसेल असा, घ्या.

मग खोट कोणत्या जातीची आहे ते ठरवा, कारण प्रत्येकीचा पुरावा वेगळा लागतो. कस कमी, वजनात फसवणूक, खडा किंवा हिरा सांगितला तसा नाही आणि घडण कच्ची, असे चार प्रकार ढोबळमानाने पडतात. "दागिना खराब आहे" एवढ्यावर कोणीही काही करत नाही.

बिल शोधा. त्यावर दागिन्याचे वर्णन, सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता, हॉलमार्कचे शुल्क, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी स्वतंत्र दिसायला हवेत. ढोबळ वजनातून खडे, मणी, लाख वजा करून निव्वळ वजन निघते का ते स्वतः मांडून पाहा. खड्याच्या वजनात १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम; सोन्याच्या शुद्धतेचे कॅरेट वेगळे. खडे सोन्याच्या भावाने लावलेले असले तर फसवणूक बिलातच सापडते. हातात नुसती कच्ची चिठ्ठी असेल तर कार्डाची किंवा यूपीआयची नोंद, बँकेचा उतारा, पेढीशी झालेले व्हॉट्सॲप संदेश, भिशीची पासबुके असे सगळे जमवा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही तक्रारीत लिहा.

आता भिंगातून हॉलमार्क पाहा. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर तीन खुणा लागतात: बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, २२के९१६ किंवा १८के७५० असा शुद्धतेचा आकडा (९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोने) आणि अक्षरे-अंकांचा सहा स्थानी एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. हा एचयूआयडी बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का पाहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. नोंद अंगठीची आणि हातात हार असेल, तर हॉलमार्क संशयास्पद आहे. ॲपमधल्या नोंदीत नाव मात्र तुमच्या पेढीचे नसले म्हणून लगेच बनावट समजू नका, घाऊक कारागिराने हॉलमार्क करून घेतलेला असू शकतो. एप्रिल २०२३ च्या आधीच्या जुन्या दागिन्यावर एचयूआयडी नसेल, त्यात गैर काही नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना हॉलमार्कची सक्ती नाही. तिथे बिलावर लिहिलेली शुद्धता हाच आधार.

कसाची शंका असेल तर बीआयएस मान्यताप्राप्त परीक्षण केंद्रातच जा. ग्राहकाला चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि पाच किंवा अधिक असतील तर नगाला ४५ रुपये शुल्क आहे, कर वेगळा. केंद्रातले कस मोजायचे एक्स-रे यंत्र फक्त पृष्ठभाग वाचते. वर शुद्ध सोन्याचा मुलामा असला तर आकडा फुगतो, टाक्यावर धरले तर घसरतो. म्हणून अनेक ठिकाणी वाचन करायला सांगा. वाद मोठा असेल तर भट्टीची चाचणी, पण तिला थोडे सोने कापावे लागते; संपूर्ण नग देऊन मोकळे होऊ नका. अहवालात एचयूआयडी, वजन आणि तारीख हवीच.

कस कमी निघाला तर बीआयएस नियम २०१८ मधील नियम ४९ प्रमाणे तुटीच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि चाचणीचा खर्च मिळतो. समजा ४० ग्रॅमचा हार ९१६ म्हणून घेतला आणि ८७५ निघाला. हजारी ४१ ची तूट, म्हणजे १.६४ ग्रॅम शुद्ध सोने. शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला ७,००० रुपये धरला तर ११,४८० रुपयांची तूट आणि दुप्पट २२,९६० रुपये. घडणावळ, मनस्ताप आणि खेटे यांची भरपाई या हिशेबात नाही, ती ग्राहक आयोगात मागायची. पेढीने मोडीच्या भावाने दागिना परत घेण्याची तयारी दाखवली तर सावध राहा: घट, घडणावळ, जीएसटी सगळे तुमच्याच खिशातून जाते, आणि "तक्रार मिटली" असे लिहून दिले की पुढचा दावाही अवघड होतो.

घडणीची खोट सिद्ध करणे जास्त कटकटीचे असते. कडी उकलली, खडा पडला, पोकळ पाटली चेपली, की "वापरामुळे झाले" हे उत्तर ठरलेलेच. दुरुस्तीला देताना पोच घ्या: वजन तीन दशांशांपर्यंत, एचयूआयडी आणि दोष लिहून. परत घेताना पुन्हा वजन करा. तोच दोष दुसऱ्यांदा आला की तुमची बाजू भक्कम होते. हिऱ्याच्या बाबतीत प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असेल तर दहापट भिंगातून जुळवा. खिशातले उष्णता-तपासणीचे पेन प्रयोगशाळेत घडवलेला हिरा ओळखत नाही, कारण तोही हिराच असतो.

आता पेढीला लेखी पत्र द्या. दोष, मागणी आणि उत्तरासाठी १५ दिवस, एवढेच लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित प्रथा आहे. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. हॉलमार्कचा प्रश्न असेल तर बीआयएस केअरवरही तक्रार टाका.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत मोजलेली रक्कम असेल तर तिथेच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. दागिना पुण्यात घेतला आणि तुम्ही नाशिकला राहता, तरी नाशिकला चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार भरता येते. तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, अहवाल, पत्रव्यवहार आणि फोटो या क्रमाने फाइल लावा, आणि हॉलमार्कच चुकीचा असेल तर तो हॉलमार्क करणाऱ्या केंद्रालाही पक्षकार करा. आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून दागिना मागितल्याशिवाय जमा करू नका, आणि जमा करताना वजन लिहिलेली पोच घ्या.