टीव्हीवरच्या चर्चेत घरच्या काळजीवाहकांना किती वाव मिळतो, ते असं मोजा

घरातल्या आजारी किंवा वृद्ध माणसाला पगाराशिवाय सांभाळणाऱ्यांनी "आमच्याबद्दल कधी बोलतच नाहीत" एवढं म्हणून वाहिनी दाद देत नाही. आकडे हवेत.

सलग सात दिवसांचे भाग घेऊ नका. मध्येच निवडणूक आली की आठवडा तिनेच भरतो. तीन महिन्यांच्या भागांतून एका आठवड्याचा सोमवार, दुसऱ्याचा मंगळवार असे वार वेचून निदान दोन 'आठवडे' जुळवा. प्रत्येक भागाचा तक्ता करा: विषय, बोलणारा कोण, किती सेकंद, किती वेळा तोडलं. जाहिराती वगळा.

बहुतेकांची गफलत इथे होते: विषय आणि आवाज एकाच रकान्यात जातात. वृद्धांच्या देखभालीवर 40 मिनिटं चर्चा झाली, डॉक्टर आणि नेते भरभरून बोलले, पण अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करणारी मुलगी 20 सेकंदांच्या चित्रफितीत दिसली. विषयाला 40 मिनिटं, तिच्या आवाजाला 20 सेकंद. तिला काय विचारलं तेही लिहा. "कसं वाटतं?" आणि "धोरणात काय बदलावं?" यांत फार फरक आहे, आणि दुसरा प्रश्न सहसा तज्ज्ञाकडेच जातो. पगारी परिचारिका वेगळ्या मोजा.

निदान 10 टक्के भागांचे तक्ते दोघांनी एकमेकांचं न पाहता भरावेत. नोंदी जुळल्या नाहीत तर कशाला काय म्हणायचं याची व्याख्या सैल आहे. ती घट्ट करून पुन्हा भरा.

निर्मात्याला पत्र लिहिताना तारीख, वेळ, सेकंद द्या आणि नेमकी मागणी करा: घरूनच व्हिडिओ कॉलवर बोलू द्या, वेळ दोन दिवस आधी कळवा. रुग्णाला सोडून स्टुडिओत येणं अनेकांना जमत नाही.