‘नीस’वाल्या आडनावांचा अर्थ लावताना या चुका टाळा

चिटणीस, फडणीस, कारखानीस, वाकनीस. या सगळ्यांच्या शेपटाला एकच फारसी शब्द आहे: नवीस, म्हणजे लिहिणारा. फारसीत ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे, त्याचंच हे रूप. मराठी तोंडात मधला ‘व’ गळाला आणि ‘नीस’ उरला. इतकं सरळ असूनही दर महिन्याला कोणीतरी नवी फोड घेऊन येतंच.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे कानाला लागेल तसा शब्द तोडणं. आडनावांवर लेख लिहिणारा एक तरुण मागे कच्चा मजकूर घेऊन आला होता. त्यात ‘पारसनीस म्हणजे पारस गावचे’ आणि ‘चिटणीस म्हणजे चिठ्ठ्यांचा ईश’. दुसऱ्या दिवशी लेख द्यायचा होता. अकोला जिल्ह्यात पारस गाव आहे, पण गावावरून नाव पडलं असतं तर ‘पारसकर’ झालं असतं. मी त्याला सगळी आडनावं एकाखाली एक लिहायला लावली, शेवटची अक्षरं एका रेषेत येतील अशी. पाचव्या ओळीला त्याचा हात थांबला. “सर, ‘नीस’ तर सगळीकडे आहे.” मग पुढचे तुकडे आपोआप सुटले: फारसी लिहिणारा पारसनीस, चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, वाकिया म्हणजे घडलेल्या गोष्टी टिपणारा वाकनीस. लेख आठवडाभर लांबला. लांबू दे. फोनवर दोन मिनिटांत सापडलेली व्युत्पत्ती मी कधीच धरत नाही.

‘फडणवीस’मध्ये वीसचा आकडा शोधू नका. तिथे ‘व’ टिकला, एवढंच.

‘फारसीतून आला’ म्हणजे ‘मुळातच फारसी’ असंही नव्हे. चिठ्ठी आपली, वाकिया अरबी, शेपूट तेवढं फारसी. मी आधी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत शब्दाचं मूळ सांगणारी खूण बघतो, मग माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फार्सी-मराठी कोश काढतो. दोन्ही उघडल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही, आणि नवशिक्यांनीही लिहू नये.

आणि नीस म्हणजे कारकून, ही समजूत सोडा. शब्दाचा अर्थ ‘लिहिणारा’ आहे, पदाचा मान वेगळा. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार आणि सरनौबत या मोठ्या अधिकाऱ्यांसोबत दप्तर सांभाळणारा सबनीस असे. १६७४च्या राज्याभिषेकानंतर पदांना संस्कृत नावं मिळाली, तेव्हा वाकनीस मंत्री झाला आणि सुरनीस सचिव. अष्टप्रधानांत कारकून कोण बसवील? नाना फडणवीसांनी तर पुढे मराठी राज्याचा गाडा हाकला.

हा शब्द जुन्या दप्तरातच राहिला असं धरू नका. सरचिटणीस आजही पक्षापक्षांत आहेत. तेहरानमध्ये सुंदर अक्षर काढणारा ‘खोशनवीस’, आणि संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा ‘बरनामेनवीस’.