जाळीच्या विणीतली चूक उसवण्याआधी नीट बघा

जाळीच्या जाकिटाची पाठ मी तीनदा विणली. पहिली फार रुंद झाली, दुसरी मुंढ्याशी बिघडली, तिसरी जमली. जाळीत चूक झाली की हात लगेच उसवायला धावतो. माझाही धावायचा. पण उसवून टाकलं की चूक कुठे होती हेच कळत नाही, आणि पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा होते. म्हणून आता मी आधी सुई खाली ठेवते आणि टाके मोजते.

मी घेतलेली वीण लाटांची होती. पहिल्या जाळीसाठी ती फार चांगली, कारण चार ओळींत एकच ओळ जाळीची असते. एका लाटेला 18 टाके लागतात. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट, चौथी पुन्हा सगळी सुलट. तिसऱ्या ओळीत आधी दोन-दोन टाके एकत्र सुलट विणायचे, असे तीन जोड. मग सुईवर लोकरीचा वेढा घेऊन एक सुलट, असं सहा वेळा. शेवटी पुन्हा तीन जोड. वेढ्याने एक टाका वाढतो आणि तिथे भोक पडतं, जोडाने एक टाका कमी होतो. सहा वाढतात, सहा कमी होतात, लाट 18 चीच राहते. जाळीचा सगळा हिशोब हाच आहे. जितके वेढे, तितकी घट.

हा हिशोब हाताशी असला की चूक स्वतःच जागा दाखवते. प्रत्येक लाटेनंतर सुईवर खुणेची कडी घाला आणि चौथी ओळ विणताना दोन कड्यांमधले टाके मोजा. 17 भरले तर भोकं मोजा. भोकं पाचच असतील तर वेढा राहिलाय. त्या जागी दोन टाक्यांच्या मधली आडवी लोकर डाव्या सुईवर समोरून उचला आणि नेहमीसारखी समोरच्या बाजूने विणा. मागून विणलीत तर टाका पिळला जातो आणि भोक मिटतं. असं उचललेलं भोक शेजारच्यांपेक्षा जरा लहान दिसतं, पण धुतल्यावर बरंचसं मिसळून जातं. भोकं सहा आणि टाके 17, तर कुठेतरी तीन टाके एकत्र गेलेत. तेवढेच टाके मागे सोडवून नीट करा. 19 भरले आणि भोकं सहाच असली तर एक जोड राहिलाय. तो चौथ्या ओळीत त्याच जागी घेतला तरी चालतो. कडी या विणीत जागची हलत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना जोड असतात. पण ज्या विणीत वेढा कडीला लागून येतो, तिथे तो कडीखालून पलीकडे सरकतो आणि मोजणी फसते.

आता पहिल्या पाठीबद्दल. मापासाठी मी आधी एक छोटा नमुना विणला होता, पण धुतला नव्हता. त्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके बसले. मला 50 सेंटिमीटर पाठ हवी होती, म्हणून 110 टाके घातले. विणताना माप अगदी बरोबर येत होतं. पूर्ण पाठ भिजवून ताणून वाळवली तर जवळजवळ 58 सेंटिमीटर भरली! जाळी धुतल्यावर उघडते, आणि माझ्या लोकरीत 10 सेंटिमीटरला 19 च टाके उरले होते. तेव्हा नमुना किमान दोन लाटांचा विणा, भिजवा, टाचण्या लावून वाळवा, टाचण्या काढा आणि मगच मोजा. दुसऱ्या वेळी मी 96 टाके घातले, म्हणजे पाच लाटा आणि दोन्ही कडांना तीन-तीन साधे टाके.

मुंढ्याशी मात्र शाल विणण्याची सवय कामाला आली नाही. शालीत लाटा पूर्णच राहतात. कपड्यात कडेची लाट मुंढ्याच्या घटीत कापली जाते. माझ्याकडे कडेला लाटेचे शेवटचे सात टाके उरले होते आणि मी डोळे मिटून विणीप्रमाणे गेले. त्या सातांत एकच वेढा आणि तीन जोड बसले. म्हणजे मुंढ्याची घट वेगळी, आणि विणीने आणखी दोन टाके खाल्ले ते वेगळे. इथला नियम सोपा आहे. अर्धी लाट, म्हणजे नऊ टाके, पूर्ण असतील तरच त्यात जाळी घ्या. त्यात तीन वेढे आणि तीन जोड जुळतात. नवापेक्षा कमी उरले तर ते सरळ साधे विणा. कडेचा तो साधा पट्टा बाही जोडताना शिवणीलाही बरा पडतो.

ही चूक मला बऱ्याच ओळी पुढे गेल्यावर दिसली. आधारदोरा, म्हणजे उसवणं जिथे थांबावं त्या ओळीच्या टाक्यांतून ओवून ठेवलेला दोरा, घातला नव्हता. उसवताना वेढे सुटत गेले, कुठली ओळ सुरू आहे ते कळेना, आणि शेवटी तळापर्यंत जावं लागलं. त्यानंतर मी आधारदोऱ्याशिवाय जाळी विणलेली नाही. बारीक, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा बोथट सुईत ओवा आणि मोजून बरोबर निघालेल्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांमधून न्या. कड्यांमधून नेऊ नका, नाहीतर त्या अडकून बसतात. मी दर 16 ओळींनी घालते, आणि मुंढा सुरू करण्याआधी हमखास. दोरा कुठल्या ओळीत आहे तेही कागदावर लिहून ठेवते.

तिसऱ्या पाठीत दोन ठिकाणी वेढा राहिला, दोन्ही वेळा पुढच्याच ओळीत सापडला. टाके बंद करताना एका नंबरने जास्त जाड सुई घेतली, कारण घट्ट बंद केलेली कड जाळीला ताणू देत नाही. मग पाठ कोमट पाण्यात अर्धा तास बुडवली, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली आणि लाटेच्या प्रत्येक टोकाला टाचणी लावली. दमट असताना टाचण्या काढल्या तर लाटा आखडतात, म्हणून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काढून मोजली तर साडेपन्नास सेंटिमीटर.