देव सर्वसत्ताधीश असताना आपल्या विश्वासाने काय करावे

घरातल्या माणसाचे ऑपरेशन ठरलेले असते, मुलाला नोकरी मिळत नसते, मुलीचे लग्न जुळत नसते, आणि अशा वेळी ख्रिस्ती मंडळीतला माणूस दोन सल्ल्यांच्या मध्ये सापडतो. एक जण सांगतो की सर्व काही देवाच्या हाती आहे, तेव्हा स्वस्थ राहावे; दुसरा सांगतो की विश्वास बळकट असेल तर मागितलेले मिळेलच. पहिला सल्ला एकटाच धरला तर ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ अशी वृत्ती ख्रिस्ती भाषेत बोलू लागते, आणि दुसरा एकटाच धरला तर प्रत्येक नकाराचा दोष माणूस स्वतःच्या मनावर घेतो. देवाचे सार्वभौमत्व आणि आपला व्यक्तिगत विश्वास ही दोन्ही सत्ये एका वेळी धरून प्रार्थना कशी करावी, दुःखात कसे वागावे आणि निर्णय कसा घ्यावा, यासाठी हे लिहिले आहे.

सुरुवात पवित्र शास्त्र उघडून करावी, पण रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायापासून नको, असा माझा आग्रह आहे. तो अध्याय टाळण्याजोगा मुळीच नाही. मात्र देव कोणाला निवडतो याविषयीचा तो अध्याय वाचताच वाद सुरू होतो आणि वादात आपले स्वतःचे जगणे बाजूला राहते. त्याऐवजी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय एका बैठकीत वाचावा. प्रेषित पौल कैदी म्हणून रोमकडे नेला जात आहे, जहाजावर 276 माणसे आहेत, आणि वादळ इतके की अनेक दिवस सूर्य किंवा तारे दिसलेले नाहीत. देवाच्या दूताने दिलेले वचन पौल सर्वांना सांगतो की जहाज जाईल, पण कोणाचाही जीव जाणार नाही. या वचनाला कोणतीही अट जोडलेली नाही. पुढे चौदाव्या रात्री खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी पाण्यात सोडून पळू पाहतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याला, बजावतो की ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई लगेच त्या होडीचे दोर कापून टाकतात. नंतर पौल सर्वांना आग्रहाने जेवायला लावतो, जहाज हलके करण्यासाठी गहू समुद्रात टाकला जातो, आणि शेवटी ज्यांना पोहता येते ते पोहत व बाकीचे फळ्यांच्या आधाराने किनाऱ्याला लागतात.

वाचून झाल्यावर वहीच्या एका बाजूला देवाने काय ठरवले ते लिहावे आणि दुसऱ्या बाजूला माणसांनी काय केले ते लिहावे. दुसरी बाजू कितीतरी लांब होते, आणि तरीही पहिली बाजू तिच्यामुळे जराही कमी होत नाही. ज्या देवाने शेवट ठरवला त्यानेच तेथवर नेणारे मार्गही ठरवले. दोर कापणे, अन्न घेणे, पोहणे हे वचनावरील अविश्वासाचे लक्षण नव्हते, ते वचन पूर्ण होण्याचे साधन होते. पौलाला या दोहोंत विसंगती दिसत नाही, आणि ती का दिसत नाही याचे स्पष्टीकरणही तो देत बसत नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील बारावे व तेरावे वचन यानंतर लगेच वाचावे, कारण तेथे हीच गोष्ट उपदेशाच्या रूपात आहे: आपले तारण भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे ही दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे.

हा प्रश्न पूर्ण सुटलेला आहे, असे कोणी सांगितले तर सावध असावे. 1618–19 साली नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या सभेत, तारणासाठी निवड देवच करतो ही बाजू धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेने ठामपणे मांडली, आणि अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनी देवाची कृपा स्वीकारण्याच्या वा नाकारण्याच्या मानवी जबाबदारीवर तितकाच भर दिला. नागपूरच्या ख्रिस्ती माणसाला हा इतिहास परका नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा कॅल्विनच्या परंपरेतला प्रेस्बिटेरियन वारसा असलेल्या मंडळ्या आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेतल्या मंडळ्या एका चर्चमध्ये आल्या. म्हणजे या मुद्द्यावर ज्यांच्या पूर्वजांचे मतभेद होते त्यांची नातवंडे आज एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतात. म्हणून शास्त्राभ्यासाच्या बैठकीत कोणाला हरवण्यासाठी हा विषय काढू नये. आपल्या मंडळीची शिकवण काय आहे हे पाळकांना शांतपणे विचारावे. 1845 साली नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे देवाच्या सार्वभौमत्वावर मोठा भर देणाऱ्या परंपरेतले मिशनरी होते. तरीही त्यांनी येथे शाळा काढली, गोंड समाजाचा अभ्यास केला आणि या भागातल्या खडकांचे व जीवाश्मांचे निरीक्षण केले. सार्वभौमत्वावरील श्रद्धा माणसाला निष्क्रिय करते, या आक्षेपाला त्यांचे काम हे पुरेसे उत्तर आहे.

आता प्रार्थनेकडे वळू. येथे येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचा क्रम पाळावा. त्याने आधी स्पष्ट मागितले की हा प्याला, म्हणजे समोरचे दुःख, माझ्यापासून दूर व्हावा, आणि मग पित्याच्या इच्छेला स्वतःला सोपवले. आपल्यापैकी पुष्कळ जण पहिला भाग गाळून थेट ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ यावर येतात. त्यात नम्रता असते, पण पुष्कळदा निराशेची भीतीही असते: मागितलेच नाही तर नकारही ऐकावा लागणार नाही. तेव्हा आजार असेल तर बरे होणे मागावे, नोकरी हवी असेल तर नोकरी मागावी, आणि एकापेक्षा अधिक वेळा मागावी. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक व्यथा, दूर व्हावी म्हणून तीनदा विनंती केली होती. त्यानंतर राजाच्या मूर्तीला नमन न केल्याबद्दल आगीच्या भट्टीत टाकले जाणाऱ्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांचा विश्वास आपला करावा. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, असे ते राजाला सांगतात, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही, हेही त्याच दमात सांगतात. विश्वासाचा रोख देवावर असतो. अमुक एक निकाल मिळेलच, या खात्रीला विश्वास समजू नये.

आजारपणाच्या बाबतीत एक गोष्ट मला अगदी कळकळीने सांगायची आहे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण अनेक कुटुंबांत आहेत, आणि त्यांचे उपचार दीर्घकाळ चालतात. विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, असा सल्ला कोणी दिला तर तो कोणाच्याही नावाने आलेला असो, मानू नये. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी असताना मागे ठेवले आणि तरुण सहकारी तीमथ्य याला त्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी उपाय सुचवला. त्या दोघांच्या विश्वासावर त्याने बोट ठेवले नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत रांगेत उभे राहणे, रक्ताची तपासणी वेळेवर करणे आणि त्याच वेळी प्रार्थना करणे यांत काहीही विरोध नाही. विश्वास दुबळा वाटत असेल तर मार्काच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायातला, पीडित मुलाला येशूकडे आणणारा बाप आठवावा. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असे तो एकाच वाक्यात म्हणतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरे करतो.

दुसऱ्याच्या दुःखात मात्र सार्वभौमत्वाविषयी बोलण्याची घाई करू नये. मृत्यू झालेल्या घरी देवाची योजना समजावून सांगणारा माणूस, सर्वस्व गमावलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांसारखा असतो. ते पहिले सात दिवस गप्प बसले होते, आणि त्यांनी केलेल्यापैकी तेच सर्वांत योग्य होते. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती असे येशूने स्पष्ट सांगितले. शोकात असलेल्या घरी जेवणाचा डबा पोचवावा, रात्री दवाखान्यात थांबणाऱ्याला सोबत द्यावी, आणि प्रार्थना सुचत नसेल तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. ते स्तोत्र कोणतेही समाधान न देता संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

राहता राहिला निर्णयाचा प्रश्न. समजा, मुलाला पुण्यात नोकरी मिळाली आहे, नागपूरच्याच मिहान औद्योगिक प्रकल्पात कमी पगाराची संधी आहे आणि आईवडील नागपुरात एकटे राहणार आहेत. अशा वेळी चिन्ह शोधत बसू नये आणि बायबल कोठेही उघडून दिसेल ते वचन उत्तर म्हणून घेऊ नये. आधी देवाने स्पष्टपणे आज्ञापिलेले काय आहे ते पाहावे; आईवडिलांचा मान राखणे ही आज्ञा आहे, पण एकाच शहरात राहावे अशी आज्ञा नाही. मग पगार, उपचार, घरभाडे, भावंडांची मदत यांचा खरा हिशेब मांडावा, घरच्यांशी आणि एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याशी बोलावे, प्रार्थना करावी आणि ठरवलेल्या तारखेला निर्णय घ्यावा. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे, प्रभूची इच्छा असेल तर आपण हे करू, असे म्हणून योजना आखावी. निर्णय झाल्यावर रोज रात्री तो पुन्हा उकरून काढू नये. परिस्थिती खरोखर बदलली, म्हणजे वडिलांची प्रकृती ढासळली किंवा काम प्रामाणिकपणे करता येणार नाही असे दिसले, तरच फेरविचार करावा. तेव्हा नागपूरला परत यावे लागले तर आपण देवाची इच्छा ओळखण्यात चुकलो होतो असे मानण्याचे कारण नाही, कारण जाण्याचे दिवस आणि परतण्याचे दिवस दोन्ही त्याच्याच अधिकाराखाली होते.