सिझरचा खर्च आधीच कसा काढावा

"नॉर्मल होईल गं, सिझरचं तेव्हा बघू" हा सल्ला घराघरांत मिळतो, आणि बिलाच्या वेळी तोच सगळ्यात महाग पडतो. सिझर जसं तारीख ठरवून होतं तसं रात्री अडीचलाही होतं, आणि त्या वेळी काउंटरवर घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसतं. म्हणून आशा नॉर्मलची ठेवा, हिशेब सिझरचा करा. सातवा महिना लागायच्या आत, कागदावर.

पायरी १. बाळंतपण कुठे, ते आधी ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर गाव बदलतं, आणि गावाबरोबर दर बदलतात. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये खर्च पुण्या-मुंबईपेक्षा बराच कमी येतो, हे खरं. पण जावयाच्या कंपनीची पॉलिसी तिथे कॅशलेस चालते का, हे डोहाळजेवणाच्या गडबडीत कोणी विचारत नाही. चालत नसेल तर सगळी रक्कम आधी घरातून भरायची आणि मग महिना-दीड महिना परताव्याची वाट बघायची. दुसरी गोष्ट, तिथे बाळासाठी एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, आहे का? नसेल तर गरज पडल्यावर बाळ जिल्ह्याच्या गावी, आई टाक्यांसह इथेच, आणि बिलं दोन.

पायरी २. सरकारी रुग्णालय यादीतून खोडू नका

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. सरकारी रुग्णालयात सिझरसह प्रसूती, औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, सिझरनंतर ७ दिवसांपर्यंत जेवण आणि १०२ची रुग्णवाहिका, सगळं मोफत. उत्पन्नाची अट नाही. फक्त ग्रामीण रुग्णालयात नाव घालण्याआधी एक प्रश्न विचारा: "रात्री भूलतज्ज्ञ असतात का?" उत्तर गुळमुळीत आलं तर थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा, नाहीतर ऐन कळा सुरू असताना "पुढे न्या" म्हणतील. खासगीतच जायचं असलं तरी जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशूंचा विशेष कक्ष लक्षात ठेवा. बाहेर जन्मलेली आजारी बाळंही तिथे दाखल करून घेतात.

पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. निकषांत बसत असाल तर आशाताईंकडे अर्ज द्या आणि हे पैसे बिलाच्या हिशेबात धरू नका. ते बहुतेकदा बिल भरून झाल्यावर येतात.

पायरी ३. पॅकेज उघडून बघा

काउंटरवर एक गोल आकडा सांगतात. त्या आकड्यात काय नाही, ते विचारल्याशिवाय तिथून हलू नका. सर्जन, सहायक, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि ठरावीक दिवसांची खोली बहुधा आत असते. औषधं, सलाईन, टाक्यांचे धागे, रक्त, बालरोगतज्ज्ञाची फी आणि जास्तीचे दिवस बहुधा बाहेर. जुळी असतील तर बालरोगतज्ज्ञाची फी दोनदा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं. तेही वेगळं, आणि स्वस्त नसतं.

सगळ्यात फसवा भाग म्हणजे 'नॉर्मलचा प्रयत्न करून मग सिझर'. कळा आणायचं औषध, लेबर रूम, एपिड्युरल (कळांच्या वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेतलं असेल तर ते, आणि वर सिझरचं पूर्ण पॅकेज. ठरवून केलेल्या सिझरपेक्षा हे बिल मोठं येतं. काही ठिकाणी रात्रीचा किंवा इमर्जन्सीचा जादा आकारही लागतो. (पंचांगातून पहाटे सव्वाचारचा मुहूर्त काढून आणणाऱ्यांनी हाच आकार आधी विचारावा.) तेव्हा काउंटरवर आकडे दोन मागा: ठरलेल्या सिझरचा, आणि प्रयत्नानंतर रात्री झालेल्या सिझरचा. हिशेबाला दुसरा धरा.

अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यावर खोलीचा प्रकार आणि दिवस लिहून घ्या. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनुसार नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. भिंतीवर दिसली नाही तर मागा. औषधं त्यांच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही.

पायरी ४. पॉलिसीतली खोलीची ओळ

इथे हजारो रुपये जातात, आणि एजंट नेमकं याबद्दल गप्प असतो.

आधी मूळ मुद्दा. दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीसाठी बहुधा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं, काहींत कमी. साध्या आरोग्य विम्यात प्रसूती मुळात वगळलेलीच असते, गुंतागुंतीची असो वा सिझर. बाहेरगर्भ, म्हणजे एक्टोपिक, तेवढा अपवाद. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मात्र बहुतेकदा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, पण त्याला स्वतःची मर्यादा असते. पाच लाखांची पॉलिसी म्हणजे प्रसूतीला पाच लाख, हा समज डोक्यातून काढून टाका. मर्यादा पन्नास हजार असू शकते, लाखही असू शकते. एचआरकडून नेमका आकडा ईमेलवर मागवा.

आता खोली. समजा, सिझरची मर्यादा १,००,००० आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ४,०००. मुक्काम चार दिवसांचा.

४,०००ची खोली घेतली: भाडं १६,०००, डॉक्टर आणि थिएटर मिळून ६०,०००, औषधं-साहित्य १८,०००. एकूण ९४,०००. डायपर, सॅनिटरी पॅड, पोटाचा पट्टा असल्या न मिळणाऱ्या वस्तूंचे ३,००० वगळता विमा कंपनी ९१,००० देते. तुमच्या खिशातून ३,०००.

६,०००ची खोली घेतली: भाडं २४,०००. खोली वरच्या वर्गाची म्हणून डॉक्टर आणि थिएटरचा दरही वाढून ६६,०००. औषधं तीच १८,०००. अतिदक्षता सोडून दिवसाला ५,०००च्या वरच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,२०० आणखी. एकूण १,०९,२००. आता विमा कंपनी भाड्याचे १६,०००च देणार. आणि मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली म्हणून डॉक्टर-थिएटरचे ६६,०००ही त्याच प्रमाणात, सहाला चार, कापून ४४,०००वर आणणार. औषधांना ही कात्री लागत नाही, न मिळणाऱ्या वस्तूंचे ३,००० वगळून त्यांचे १५,०००. मिळाले ७५,०००. खिशातून ३४,२००.

खोलीभाड्यातला फरक होता आठ हजारांचा. भुर्दंड पडला एकतीस हजारांहून जास्त. हीच ती प्रमाणशीर कपात, आणि "एसी रूमच घेऊ, वरचे दोन हजार आपण भरू" म्हणणाऱ्या प्रत्येक मामा-काकांना हा हिशेब दाखवा. वरचे दोन हजार भरून सुटका होत नाही.

एक पळवाट आहे, आणि ती नियमातलीच आहे. ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीच्या प्रकारानुसार डॉक्टरांचे दर बदलत नाहीत, तिथे अशी कपात करता येत नाही. लहान नर्सिंग होममध्ये असं बरेचदा असतं. तसं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या आणि क्लेमला जोडा. मर्यादेतली खोली त्या रात्री रिकामी नव्हती म्हणून वरची घ्यावी लागली असेल, तर तेही लेखी घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं क्लेमच्या टेबलावर कोणी ऐकत नाही.

पायरी ५. बाळाचं बिल वेगळं धरा

बाळ काचेत ठेवलं की दिवसाचा दर आईच्या खोलीच्या कितीतरी पट होतो. त्यात फोटोथेरपी (काविळीसाठी प्रकाशाचा उपचार), तपासण्या, ऑक्सिजन वेगळे. हॉस्पिटलला एनआयसीयूचा 'सगळं धरून' रोजचा आकडा विचारा आणि पाच दिवसांचे पैसे बाजूला ठेवा. कावीळ झालेलं बाळ दोन दिवसांत घरी येतं, अपुऱ्या दिवसांचं आठवडे राहतं. पाच हा फक्त सुरुवातीचा आकडा.

एचआरला आणखी एक प्रश्न: "बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, आणि ते प्रसूतीच्या मर्यादेतून की कुटुंबाच्या मुख्य रकमेतून?" मुख्य रकमेतून असेल तर एनआयसीयूचं बिल त्यात बसतं. त्यासाठी बाळाच्या नावाने कॅशलेसचा वेगळा अर्ज लागतो. तो आईच्या अर्जात आपोआप येत नाही, आणि इथेच क्लेम अडकतात.

पायरी ६. रोख आणि कागद

रात्रीच्या सिझरचा आकडा, अधिक एनआयसीयूचे पाच दिवस, अधिक विम्यात न मिळणारं सगळं: एवढी रक्कम आठव्या महिन्यापर्यंत चटकन काढता येईल अशा खात्यात हवी. मुदतठेव असेल तर ती कोणाच्या नावावर आहे ते बघा; जी बाई टेबलावर झोपलेली असेल तिची सही तेव्हा मिळणार नाही. डिपॉझिट भरायला यूपीआयची रोजची मर्यादाही तपासून ठेवा.

ठरलेल्या सिझरसाठी कॅशलेसचा अर्ज दोन-तीन दिवस आधी द्या. अचानक झालं तर चोवीस तासांच्या आत कळवा.

रक्त लागलं तर रक्तपेढीला फक्त प्रक्रिया शुल्क घेता येतं, रक्ताची किंमत नाही. पावती घ्या.

घरच्या खर्चात मालिशवाली बाई, स्वयंपाकाला मदत, दोन-तीन फेरतपासण्या. टाके ओले असताना मालिश पोटावर नको, हे बाईला आधीच सांगा.

पायरी ७. डिस्चार्जच्या दिवशी

पैसे भरण्याआधी तपशीलवार बिल घ्या, गोषवारा नको. खोलीचे दिवस मोजा. दुपारी बारानंतर दाखल झालात तरी काही ठिकाणी अख्खा दिवस लावतात. परत केलेली औषधं बिलातून वजा झाली का ते मेडिकलच्या पावत्यांशी ताडून पाहा, कारण थिएटरमध्ये मागवलेलं सगळंच वापरलं जात नाही. डिस्चार्ज कार्डवर सिझर का करावं लागलं ते कारण आणि हे कितवं मूल ते स्पष्ट लिहिलेलं हवं. बऱ्याच पॉलिसींत संरक्षण दोन अपत्यांपर्यंतच असतं, आणि ही ओळ कोरी राहिली की प्रश्नांची पत्रं सुरू होतात.

अंतिम बिल विमा कंपनीकडे गेल्यावर मंजुरी तीन तासांत द्यायची, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, २०२४चा नियम आहे. त्यांच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा दिवस लावला तर तो खर्च विमा कंपनीने सोसायचा असतो. बिल किती वाजता पाठवलं, ती वेळ काउंटरवरून लिहून घ्या. बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवा, दाखला हातात आला की लगेच पॉलिसीत बाळाचं नाव घाला. त्याची मुदत बऱ्याच ग्रुप पॉलिसींत महिनाभराचीच असते.