सीलिॲकचं मूल घरात असेल तर: नुसता पाव बंद करून भागत नाही, या चुका टाळा

लेकीचं सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार, पक्कं झालं त्या दिवशी आम्ही पहिलं काम काय केलं, तर पोदेराला (दारावर येणाऱ्या पाववाल्याला) सांगितलं उद्यापासून पोयी, म्हणजे गव्हाचा गोल पाव, नको. चपात्या आमच्याकडे रात्रीच व्हायच्या, त्याही बंद. बाकी काय, शीत-कडी (भात-कालवण), मासळी, भाजी, आपल्या गोव्याच्या जेवणात गहू आहेच कुठे, असं मीच सगळ्यांना फोनवर सांगत सुटले होते. पहिल्या चार महिन्यांत वजन वाढलं, फुगलेलं पोट उतरलं, टीटीजी, म्हणजे सीलिॲकमध्ये रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीचा आकडा, निम्म्यावर आला. आणि आठव्या महिन्यात रिपोर्ट बघते तर आकडा तिथेच, उलट थोडा वर!

आता टीटीजी नॉर्मलला यायला मुलांमध्येही वर्षभर किंवा जास्त लागू शकतं, म्हणून तो हळू उतरतोय यात घाबरण्यासारखं काही नाही. पण अडकला किंवा चढला की समजायचं, कुठून तरी ग्लूटेन पोटात जातंय आणि मग घर धुंडाळायला घ्यायचं. आम्ही घेतलं. काय काय सापडलं ते सांगते, पण त्याआधी निदानाच्या वेळची एक चूक, कारण ती सगळ्यात महाग पडते.

टेस्टच्या आधी गहू बंद करू नका. आमच्या नात्यातल्या एकांनी सांगितलं गहू सोडून बघा, आम्ही सोडला, पोरीला बरं वाटलं, आम्ही खूश. मग डॉक्टरांनी विचारलं किती दिवस गहू बंद आहे, म्हटलं दोन महिने, तर ते डोक्याला हात लावून बसले. रक्तातल्या अँटीबॉडी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही खात्रीने कळायला मूल गहू खात असावं लागतं, नाहीतर रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. मग काय, तिला परत काही आठवडे गहू खायला घालावा लागला, पोट धरून रडायची आणि आम्हीच तिला चपाती भरवायचो, ते दिवस मला आठवायचे पण नाहीत. अजून एक, टीटीजीबरोबर टोटल आयजीए (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडीचं एकूण प्रमाण) पण केलीय ना हे विचारून घ्या. काही मुलांमध्ये आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी उगाच नॉर्मल दिसतो.

आता घरातली धुंडाळणी. पहिलं सापडलं ते हिंगात. मी स्वप्नात पण विचार केला नव्हता. बाजारात मिळणारा डबीतला हिंग म्हणजे शुद्ध हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि बऱ्याच ब्रँडमध्ये ते गव्हाचं किंवा मैदा असतं. रोजच्या फोडणीत चिमूटभर, आठ महिने! डबीच्या मागे घटक वाचा, तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, नाहीतर पीठ न मिसळलेला खडा आणा.

दुसरी गिरण. नाचणी, तांदूळ सगळं आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीवर दळून आणायचो, आपलं घरचं दळण म्हणजे सेफ, पाकिटापेक्षा बरं. पण आपल्या आधीच्या माणसाने त्याच जात्यात गहू दळलेले असतात आणि आतलं पीठ कधीच पूर्ण निघत नाही, वर सगळ्या गिरणीत पीठ उडत असतं ते वेगळंच. आधी दोन किलो तांदूळ दळून टाका म्हणजे साफ होते असं गिरणवाला म्हणतो, त्याच्यावर विसंबू नका. आम्ही शेवटी घरगुती छोटी गिरण घेतली, पैसे गेले पण रोजचा धसका गेला. ते जमणार नसेल तर नाचणी निवडून, धुऊन, उन्हात वाळवून मिक्सरला काढा आणि पिठाची चाळणी फक्त तिचीच ठेवा. पातोळ्यांना, घावनाला तांदूळ भिजवून वाटतो तसं घरीच वाटलं तर प्रश्नच नाही.

तिसरा तवा. बाकीच्यांची चपाती आणि हिची भाकरी एकाच तव्यावर, एकाच पोळपाटावर. लाकडी पोळपाट-लाटणं कितीही घासा, फटीत पीठ राहतंच. तिचा तवा, कालथा, चाळणी आता वेगळ्या फळीवर असतात आणि त्यांना लाल दोरा बांधलाय, कोणीही पाहुणी स्वयंपाकघरात शिरली तरी कळतं.

आणि मासळी! तळलेल्या बांगड्याला घरोघरी रवा लावतो आपण, आणि रवा गव्हाचाच असतो. मी सांगून सांगून दमले तरी सासूबाई एकदा म्हणाल्याच, "अगो, इल्लेंशें खाल्यार कांय जायना." म्हणजे, अगं, इतकुसं खाल्लं तर काही होत नाही. त्यांचा दोष नाही, नात कधी उपाशी राहू नये एवढंच त्यांना वाटतं. पण हे इल्लेंशेंचं गणित एकदा नीट समजून घ्या आणि घरच्यांना सांगा: एका चपातीत साधारण ३० ग्रॅम पीठ, त्यात ग्लूटेन धरा ३ ग्रॅमच्या आसपास. आणि रोज ५० मिलिग्रॅम जरी काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. म्हणजे चपातीचा साठावा भाग. सासूबाईंना मी चपातीचे बारीक तुकडे करून दाखवले, तेव्हा पटलं. आता त्या स्वतः तांदळाच्या पिठात मासळी तळतात आणि तेल वेगळं ठेवतात. हॉटेलात मात्र रव्याशिवाय तळा असं सांगून भागत नाही, कारण कढईतलं तेल तेच असतं, तिथे आम्ही उकड्या तांदळाचं शीत घेतो आणि कडीत पीठ घातलंय का ते विचारून मगच.

पोटात दुखत नाही म्हणजे खाल्लेलं पचलं, असंही नाही. काही मुलांना बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतलं नुकसान चालू असतं.

सणांचं थोडक्यात सांगते. चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मैद्याच्या, पण पातोळ्या, उकडीचे मोदक, मणगणें हे सगळं मूळचंच ग्लूटेन नसलेलं, त्यामुळे पोरीला चवथ कमी पडत नाही. देवळात प्रसादाचा शिरा असतो, तो हातात घेऊन डोळ्याला लावायचा आणि आईकडे द्यायचा एवढं ती आता शिकलीय. नाताळात शेजारून येणाऱ्या ताटात दोदोल तांदळाच्या पिठाचं, पण त्याला खेटून मैद्याचे कुलकुल, नेवऱ्या आणि बेबिंका असतात. शेजारीण आता तिच्यासाठी दोदोलचा तुकडा कापतानाच वेगळ्या डबीत ठेवते.

पाकिटावर नुसतं "व्हीट फ्री" बघून घेऊ नका. जवात पण ग्लूटेन असतं आणि माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जवच, म्हणून दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी आणि बरेचसे कॉर्नफ्लेक्स बाद. भारतात ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं, ते शब्द शोधा. पण त्या महागड्या बिस्किटांवरच मूल वाढवू नका, त्यात स्टार्च आणि साखरच जास्त. आळसांदे (चवळी), मूग, नाचणीची आंबील, बांगडा, हे आपल्याकडे आहेच की.

सगळं सुधारूनही आकडा हवा तसा उतरत नव्हता. शेवटचं जे कळलं ते लेकीनेच रडत सांगितलं. शाळेत मधल्या सुट्टीत भाजी-पाव असतो, मैत्रिणीशी ती डबा बदलायची. आणि आम्हाला सांगितलं का नाही? कारण पहिल्यांदा वाढदिवसाचा केक खाऊन आली तेव्हा मी तिला फाडफाड बोलले होते. सात वर्षांच्या पोरीने त्यातून एवढंच शिकलं की लपवायचं. आता नियम असा की खाल्लं तर सांगायचं, सांगितलं तर कोणी ओरडणार नाही, आम्ही फक्त तारीख लिहून ठेवतो. तिच्या वर्गशिक्षिकेकडे गोठवलेल्या केकचे दोन तुकडे ठेवायची सोय झालीय, कोणाचाही वाढदिवस असला की तिला तिचा केक. आणि शाळेला सांगताना तोंडी नको, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट लेखी द्या, नाहीतर बाई बदलल्या की सगळं परत पहिल्यापासून.

भावंडांची टेस्ट राहू देऊ नका. सख्ख्या भावंडांत साधारण दहात एकाला निघू शकतं, लक्षणं नसली तरी. आमच्या धाकट्याची टेस्ट पुढच्या सोमवारी आहे, त्यामुळे पोदेर सध्या परत आमच्या दाराशी थांबतोय. एक पोयी, धाकट्यासाठी, तीही बाहेर सोप्यावर बसून, आणि हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही.