क्लासच्या ग्रुपवर पीडीएफ टाकण्याआधी एवढं बघा

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, नेरूळला कॉलेजला जाणाऱ्या कुठल्याही पोराच्या फोनमध्ये टेलिग्रामचं एक चॅनल आणि ड्राईव्हची एक लिंक असतेच, आख्खं सेमिस्टर त्यात. एफवायवाले विचारतात, डाउनलोड केलं तर पोलीस येतात का. खरी भानगड पुढे पाठवण्यात आहे, म्हणून आधी ते समजून घ्या.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या कलम ५२मध्ये स्वतःच्या अभ्यासाला, रिसर्चला योग्य तेवढा वापर चालतो, आणि शिक्षकांनी शिकवण्यासाठी कॉप्या दिल्या तरी चालतं. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या झेरॉक्सवाल्यावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी केस केली होती, २०१६ला हायकोर्टाने कोर्सपॅकच्या, म्हणजे वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून बांधलेल्या अभ्यासाच्या संचाच्या, बाजूने निकाल दिला आणि २०१७ला प्रकाशकांनी केसच सोडली. पण म्हणून पाचशे जणांच्या चॅनलवर आख्खं पुस्तक स्कॅन करून टाकायची सूट मिळाली असं समजू नका, तो मुद्दा शिकवण्यापुरता होता.

टॉरेंटचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तुम्हाला वाटतं मी फक्त घेतोय, पण डाउनलोड चालू असतानाच तुमच्या लॅपटॉपवरून त्याच फाईलचे तुकडे बाकीच्यांना जात असतात, म्हणजे वाटप तुम्हीच करताय, आणि तुमचा आयपी अ‍ॅड्रेस (नेटवरचा तुमच्या कनेक्शनचा पत्ता) त्या सगळ्यांना दिसतो. कलम ६३ खाली शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख आहे, पैसे कमवायला केलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात) आणि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ला सांगितलंय. लगेच कुणी उचलून नेत नाही हो, पण ‘काही होत नाही रे’ म्हणणारा सिनियर तेव्हा जामीन द्यायला येणार नाही.

अ‍ॅडमिन असाल तर जास्त जपा. कोचिंगचे पेड व्हिडिओ, नोट्स फुकट वाटणाऱ्या चॅनलवाल्यांची माहिती टेलिग्रामने २०२२ला दिल्ली हायकोर्टाच्या आदेशावरून दिली, फोन नंबरसकट. फेक नाव ठेवून उपयोग नाही.

मग करायचं काय? स्वतः लिहिलेल्या नोट्स बिनधास्त टाका, त्या तुमच्याच. सरांची पीपीटी असेल तर आधी त्यांना एक मेसेज करा, ‘सर, ग्रुपवर टाकू का?’ एवढंच, बहुतेक सर हो म्हणतात. लेक्चर्ससाठी आयआयटीवाल्यांचं एनपीटेल, थीसिससाठी शोधगंगा, पुस्तकांसाठी नॅशनल डिजिटल लायब्ररी, हे सगळं फुकट आहे. रिसर्च पेपर पाहिजे असेल तर लायब्ररीत जाऊन विचारा की कॉलेजला वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे का, जर्नल्स वाचायला देणारी ती योजना सरकारी संस्थांसाठी आहे त्यामुळे नवी मुंबईतल्या खासगी कॉलेजात बहुधा नसेल, तिथे लेखकालाच मेल टाका, पाठवतात लोक. मराठी साहित्यात लेखक जाऊन ६० वर्षं झाली की मूळ मजकूर खुला होतो, साने गुरुजी १९५०ला गेले, त्यांचं लिखाण २०११पासून खुलं आहे. नवीन प्रस्तावना किंवा ऑडिओबुक मात्र वेगळं धरायचं.

क्रॅक सॉफ्टवेअरला (लायसन्सचं कुलूप तोडून फुकट वापरतात ते) वेगळं कलम आहे, ६३बी, आणि वर व्हायरस फ्री मिळतो तो वेगळाच. कॉलेजच्या ईमेलवर ऑफिस, ऑटोकॅड फुकट मिळतात का ते आधी बघा.

ग्रुपमध्ये आधीच ढीग साठला असेल तर स्कॅन केलेली पुस्तकं डिलीट मारा, ड्राईव्हच्या फोल्डरवर ‘लिंक असलेला कोणीही’ असं सेटिंग असेल तर ते बंद करा, आणि पिन केलेल्या मेसेजमध्ये फाईल न ठेवता वरच्या साइट्सच्या लिंका ठेवा.